सदतीस नंबरची नळी

मिरा रोड,
१० ऑक्टोबर २००४

तीर्थरूप आत्माराममामांस,
संचिताचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटतंय. फोन घरात आहे आणि आई दिवसभर फोनच्या बाजूलाच असते. हे तिच्यासमोर बोलता आलं नसतं.

मला लॅबमध्ये लागून दीड वर्ष झालं. आई पूनम सागरपासून शांती नगरपर्यंत सगळ्यांना सांगत फिरते, आमची संचिता पांढरा कोट घालते, माझ्या भावावर गेलीय. आणि मामा, मला हल्ली तिथे किळस येते. सकाळी शटर वर केलं की बेसिनचा वास नाकात शिरतो. शिळ्या रक्ताचा, लोखंड चाटल्यासारखा. फिनेल ओतलं, सोडा टाकून बघितला, जात नाही. दुपारी डबा उघडते तर पोळीलाही तोच वास. परवा अर्धी पोळी कागदात गुंडाळून फेकली.

या महिनाअखेरीला काशीमीराच्या एका गोडाऊनमध्ये कॅम्प आहे. साठ माणसांचं रक्त काढायचंय. कोलेस्टेरॉल वगैरे सगळं. आमचे मालक दिपेश सर खूश आहेत. मला जावंसं वाटत नाही.

नोकरी सोडली तर तुम्हाला राग येईल का? तुमच्यामुळेच मी हा कोर्स केला, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

तुमची
संचिता


मु. आडखोल, जि. रत्नागिरी,
१९ ऑक्टोबर २००४

चि. संचितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. अगं, पहिली दोन वर्षं सगळ्यांनाच असं होतं. मी दवाखान्यात लागलो तेव्हा थुंकीच्या डब्या उघडायचं काम माझ्याकडे होतं. एका डबीचं झाकण उघडलं आणि मी बाहेर जाऊन पेरूच्या झाडाखाली ओकलो. तुझी मामी महिनाभर मला वेगळं ताट देत होती. मग सवय झाली. रुमालाला कापराची वडी चोळून ठेव. बेसिनच्या पाइपात रात्री गरम पाणी सोड.

रक्ताची किळस करू नये. माणूस आपल्यापुढे हात पसरतो, आपण सुई टोचतो, तो तोंड फिरवून घेतो पण हात मागे घेत नाही. एवढा विश्वास तो सख्ख्या भावावर टाकत नाही. एकतीस वर्षं मी हिवतापासाठी रक्ताच्या काचा तपासल्या, पण न बघता रजिस्टरात एक ओळ लिहिली नाही. त्या जोरावर आज ताठ मानेने फिरतो.

तेव्हा सोडायचं मनात आणू नकोस. कॅम्पला जा. साठ माणसं म्हणजे साठ घरं.

तुझ्या आईला, मनूला सांग, कोकम पाठवतो आहे.

तुझा
आत्माराममामा


मिरा रोड,
२ नोव्हेंबर २००४

ती. मामांस,
सा. न.

मी तुम्हाला नीट लिहिलं नव्हतं. किळस रक्ताची नाही.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त तपासण्या होतच नाहीत. रक्त घेतलं जातं, नळीवर नंबर पडतो, आणि नंतर ते बेसिनमध्ये जातं. रिपोर्ट कॉम्प्युटरवर तयार असतो, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे. खाली ज्या पॅथॉलॉजिस्टची सही आहे त्यांना मी दीड वर्षात एकदाच बघितलंय, दिवाळीला मिठाई घ्यायला आले होते तेव्हा. त्यांची सही कॉम्प्युटरमध्येच आहे. दिपेश सर म्हणतात, "ज्याला काही होत नाही त्याचं नॉर्मलच येणार ना? मग किट कशाला फुकट घालवायचं? ज्याला त्रास आहे त्याचं लावतोच की आपण." हे सगळं हसून, चहा पिताना. टेबलावर प्लास्टिकचं हार्ट ठेवलंय, निळ्या-लाल शिरांचं, पेशंटला दाखवायला.

कॅम्पच्या दिवशी साठ जण उपाशीपोटी रांगेत उभे होते. रात्रपाळी संपवून आलेले काही, बारा तास पोटात काही नाही. संध्याकाळीच साठही रिपोर्ट छापून झाले. नळ्या स्टँडमध्ये तशाच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रक्त खाली बसून वर सिरम आलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, ते पिवळसर असतं, पातळ गोमूत्रासारखं. एकोणसाठ नळ्यांत तसंच होतं. सदतीस नंबरच्या नळीत वर दूध होतं. खरंच दूध, मामा. पांढरं, दाट.

तुमच्या वेळी या तपासण्या नव्हत्या म्हणून सांगते. उपाशी माणसाच्या रक्तावर असं दूध आलं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हजाराच्या आसपास असते. दीडशेच्या आत हवी. असा माणूस कधीही पडू शकतो. हृदय जातं, नाहीतर स्वादुपिंड सुजतं. हे कळायला मशीनही लागत नाही, नुसते डोळे पुरतात. आणि त्याच्या रिपोर्टवर छापलंय ट्रायग्लिसराइड १३२, कोलेस्टेरॉल १७८. सोबत एक प्रत पाठवतेय.

नंतर सगळ्या नळ्या ओतल्या गेल्या. सदतीस नंबरचीसुद्धा.

त्याचं नाव धाकू आहे. गोडाऊनमध्ये माल चढवतो. वय अडतीस.

मी काय करू?

संचिता


आडखोल,
९ नोव्हेंबर २००४

संचिता,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि उठून तोंड धुऊन आलो. हे लोक लॅब चालवतात की खाटीकखाना? खाटीकसुद्धा मांस विकतो म्हणून मांसच देतो.

आता मला दोन गोष्टी सांग.

"ओतल्या गेल्या" असं तू लिहिलं आहेस. कुणी ओतल्या?

आणि तो कागद मी खिडकीशी नेऊन पाहिला. पॅथॉलॉजिस्टच्या सहीच्या वर डाव्या हाताला "तपासले" असं छापलं आहे आणि त्यापुढे शाईने एक "सं" आहे. त्या अनुस्वाराचा गोल तू चौथीत असताना माझ्या पुढ्यात बसून काढायला शिकलीस. टिंब दे म्हटलं तरी गोलच काढायचीस.

कागद परत पाठवतो. मला घरात नको.

उद्याच्या उद्या त्या माणसाकडे जा. बाकीचं नंतर.

आत्माराम


मिरा रोड,
२८ नोव्हेंबर २००४

ती. मामांस,
सा. न.

मी ओतल्या. साठही. आकडेही मीच टाइप केले. दिपेश सरांनी एकदाच दाखवलं होतं, कोलेस्टेरॉल एकशे सत्तर ते एकशे नव्वदमध्ये फिरवायचं, सारखा आकडा पाठोपाठ द्यायचा नाही. मला ते पटकन जमलं. पहिल्या महिन्यात प्रत्येक आकड्याला थांबायचे, नंतर मी गाणी ऐकत टाइप करायचे. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

मी धाकूकडे गेले होते. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवसांनी. हायवेच्या कडेला, गोडाऊनच्या समोर चहाची गाडी आहे, तिथे भेटला. गडी उंच, पोट सुटलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला कातडीवर पिवळे चट्टे. ते चट्टेही चरबीचेच असतात. रक्त काढताना ते माझ्यासमोर वीतभर अंतरावर होते आणि मी बघितले नव्हते.

"मॅडम, तुमी इकडं?" म्हणाला.

म्हटलं, "सहज. तुमचा रिपोर्ट दुसरीकडे एकदा परत करून घ्या."

"का? त्यात तर समदं झ्याक हाय." त्याने खिशातून रिपोर्ट काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवला होता. "माजा भाव येक्केचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. नाक्यावरचा डाक्टर मला म्हनला, तुजं रगात तपास, तेल-मटन बंद कर. म्या बंद केलं. मंग तुमचा कॅम्प आला. ह्यो कागद आला तवा घरी येक किलो मटन आनलं. आता कशाला जायाचं डाक्टरकडं?" मग त्याने "सं"वर बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग?"

मामा, माझ्या तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात मला डोळ्यांपुढे दिपेश सर दिसले, पोलीस दिसले, आई दिसली. आणि मी म्हटलं, "बरोबर आहे. मग राहू द्या."

त्याने मला चहा पाजला. मी तो सगळा प्यायले.

संचिता


मिरा रोड,
२१ डिसेंबर २००४

मामा,

धाकू काल गोडाऊनमध्ये खोके उचलताना पडला. मोठा अटॅक आहे. हॉस्पिटलमध्ये आहे, शुद्धीवर नाही. दिपेश सरांना मी सांगितलं तर म्हणाले, "अटॅक काय रिपोर्टने येतो का?" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माझा हात माझ्या तोंडाजवळ नेववत नाही. आई भरवते, तिला वाटतं ताप आहे.

तुम्ही एकतीस वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नाहीत. तुमच्यासारख्या माणसाला काय सुचेल माझ्या जागी? तेवढंच लिहा. रागवा, पण लिहा.

संचिता


आडखोल,
२९ डिसेंबर २००४

संचिता,

चार दिवस लिहायला बसतो आहे.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या भाद्रपदात आमच्याकडे तापाची साथ होती. गावोगावचे कर्मचारी बोटातून रक्त घेऊन काचेवर पसरून आणत. दिवसाला साठ काचा नीट बघून होतात. माझ्यापुढे चारशे साठल्या होत्या. महिनाअखेरीला वरून तपासणी होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "आत्माराम, बाकी शून्य दिसली पाहिजे." मी एका बैठकीत चारशे ओळी लिहिल्या. निगेटिव्ह, निगेटिव्ह. हात दुखला म्हणून मध्ये उठून तंबाखू मळली.

त्यांत वरच्या वाडीतल्या सुगंधाची काच होती. शिवाची बायको. पहिल्या चार गोळ्या सगळ्यांनाच देत, तशा तिलाही दिल्या होत्या. पॉझिटिव्ह आली असती तर पुढचं औषध द्यायला माणूस घरी गेला असता. कुणी गेलं नाही. मी ओळ लिहिल्यापासून सहाव्या दिवशी ती वारली. पदरात चार वर्षांचा मुलगा होता.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी तिची काच शोधून दुर्बिणीखाली लावली. बघायला नको होती. बघेन तिथे जंतू. शिकाऊ पोरालाही दिसले असते. मग मी काय केलं सांगतो. त्या काचा आम्ही धुऊन पुन्हा वापरायचो. मी ती काच साबणाने धुतली, फडक्याने पुसली आणि कोऱ्या काचांच्या डब्यात ठेवली.

रजिस्टर तसंच राहिलं. निवृत्तीच्या दिवशी मला नारळ आणि शाल मिळाली. मामीलाही माहीत नव्हतं.

तुला पाठवलेल्या पत्रात मी खाटिकाची गोष्ट लिहिली. ती लिहिताना मी अडखळलोही नाही याची मला आता शिसारी येते.

मला विचारू नकोस काय करायचं ते. मी काय केलं ते सांगितलं.

आत्माराम


मिरा रोड,
३ जानेवारी २००५

तुमचं पत्र मिळालं. वर मायना काय लिहायचा ते सुचत नाही, म्हणून काही लिहिलेलं नाही.

मी तुमचं नाव घेऊन हा कोर्स केला. आई देवाजवळ तुमचा शालीतला फोटो ठेवते. तुम्ही मला त्या गोल अनुस्वारावरून पकडलंत, आणि तेव्हा तुमच्या पोटात ही काच होती. एकवीस वर्षं.

मला तुमची किळस आली. माझी येते तेवढीच. जास्त नाही, कमीही नाही.

तो मुलगा कुठे असतो? शिवा आहे का? तुम्ही ते लिहिलेलं नाही.

संचिता


मिरा रोड,
१४ फेब्रुवारी २००५

मामा,

मधले सहा आठवडे मी लिहिलं नाही. झालं ते सांगते.

तुम्हाला ते चार ओळींचं पत्र टाकलं आणि पोस्टातून तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. धाकू तोवर शुद्धीवर आला होता, पण आत सोडत नव्हते. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती, शालू. भाईंदरला बांगड्यांच्या कारखान्यात कामाला जाते. सुकलेली, लहान चणीची बाई. मी लॅबमधली म्हटल्यावर तिने पिशवी उचलून मला जागा केली, माझा हात धरून बाजूला बसवलं.

"ते बोललेले मला," म्हणाली, "पोरगी हलक्या हाताची हाय. सुई टोचलेली कळली पन न्हाय."

मी म्हटलं, "वहिनी, तो रिपोर्ट खोटा होता."

"मशीन बिगडलेलं का?"

"मशीन लावलंच नव्हतं. आकडे मी मनाने टाकले. त्यांचं रक्त बघूनच कळत होतं, मला दिसलं होतं. नंतर मी त्यांना भेटले, तेव्हाही सांगितलं नाही."

ती ओरडली नाही. मारेल असं वाटलं, तीही तयारी होती माझी. ती उठली, कोपऱ्यात पाण्याचा नळ आहे तिथे गेली आणि ज्या हाताने माझा हात धरला होता तो हात धुतला. कोपरापर्यंत. पदराला पुसला. मग परत येऊन लांबच उभी राहिली.

"त्या दिवशी किती जनांचं घेतलेलं?"

"साठ."

"समद्यांचं असंच?"

"हो."

"उद्या दोनला शिफ्ट सुटते. गेटवर ये. मला सांगून काय व्हनार? त्यांना सांग."

मामा, मी रात्रभर ठरवत होते की जायचं नाही. सकाळी लॅबमध्ये गेले, कोट काढून टेबलावर ठेवला आणि गेटवर काय सांगणार आहे ते सरांना सांगितलं. दिपेश सर म्हणाले, "संचिता, शहाणी आहेस ना तू? सही तुझी आहे. माझी कुठेच नाही, बघ." ते खरं होतं. ते ऐकून उलट मला बरं वाटलं. सही माझी आहे तर सांगायचं मीच, त्यात यांचा संबंध नाही.

दोन वाजता गेटवर ट्रकची रांग होती, हॉर्न, धूर. शालू आधीच येऊन उभी होती. माणसं बाहेर यायला लागली तसं तिने एकेकाला थांबवलं. "हिचं ऐका. धाकूची बायको सांगतेय, हिचं ऐका." चाळीस-पन्नास जण जमले. मला वाटलं होतं मी नीट समजावून सांगेन. तोंडातून एवढंच आलं की तुमचं रक्त तपासलं नाही, रिपोर्ट सगळे खोटे आहेत, ते मी लिहिले.

कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "मॅडम, मजाक मत करो." मागून एक म्हातारा हमाल पुढे आला, त्याच्या हाताला अजून कॅम्पच्या दिवसाचा राग असावा, शीर सापडली नव्हती म्हणून मी त्याला तीनदा टोचलं होतं. तो म्हणाला, "मंग माजं रगात कुठं हाय?"

मी म्हटलं, "बेसिनमध्ये ओतलं."

तो माझ्या पायापाशी थुंकला. माझ्या चपलेवर थोडं आलं. मी पाय मागे घेतला नाही.

त्यानंतर गोडाऊनचा मॅनेजर बाहेर आला, काय तमाशा लावलाय म्हणून. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघा, आम्हाला फाइलला कागद लागतो. तो आहे आमच्याकडे." आणि आत गेला. मामा, थुंकणारा माणूस मला या माणसापेक्षा हजारपट स्वच्छ वाटला.

संध्याकाळी वीस-पंचवीस जण शांती नगरला लॅबवर गेले. दिपेश सर आधीच शटर ओढून गेले होते. आता ऐकतेय की तिकडे दुसऱ्या सेक्टरमध्ये नवीन नावाचा बोर्ड लागलाय, प्लास्टिकचं हार्ट काचेत दिसतं. मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. माझ्या सहीसकट, मी काय केलं त्यासकट. जबाबाला दोनदा बोलावलं, अजून पुढे काही झालेलं नाही. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तुमचा फोटो देवाजवळून काढून कपाटात ठेवला. तुमचंही सांगितलं मी तिला. ते सांगायला नको होतं असं वाटत असेल तर तसं लिहा.

कोर्सला आम्हाला शिकवणाऱ्या बाई एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब बघतात. त्यांच्यापुढे जाऊन रडले. त्यांनी आधी मला दारातूनच हाकललं, मग दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की त्या लोकांना रविवारी उपाशीपोटी घेऊन ये, तू नळीला हात लावायचा नाहीस, फक्त नावं लिहायची. साठातले त्रेचाळीस आले. सतरा जणांची चरबी वर निघाली. नऊ जणांना साखर आहे आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्या म्हाताऱ्या हमालाचं सगळं चांगलं आलं. त्याने कागद उलटसुलट करून विचारलं, "ह्यो खरा कशावरून?" बाई म्हणाल्या, "आत या, मशीन बघा." तो खरंच आत गेला आणि समोर उभा राहून सगळं बघितलं.

धाकू घरी आलाय. हृदय निम्मंच चालतं. खोके उचलायचे नाहीत, जिना नाही. हॉस्पिटलात तपासलं तेव्हा त्याचं ट्रायग्लिसराइड अकराशे ऐंशी होतं. मी तिथल्या डॉक्टरना विचारलं, ऑक्टोबरपासून औषध चालू झालं असतं तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, छातीठोकपणे नाही सांगता येत, पण एक संधी होती. ती मी ओतली. त्याच्या दोन मुलांचंही रक्त बघायला सांगितलंय, घराण्यातच असणार म्हणून. शालू त्यांना घेऊन आली होती. माझ्याशी बोलत नाही, पण मुलांची नावं मला लिहू दिली.

तुम्ही अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. शिवा आहे का?

संचिता


आडखोल,
६ मार्च २००५

संचिता,

शिवा आहे. मुलगा लवू, तो चिपळूणला वीटभट्टीवर असतो. शिवा वरच्या वाडीत एकटाच राहतो. माझ्या घरापासून अर्ध्या तासाची चढण आहे. एकवीस वर्षांत बाजारात शेकडो वेळा समोर आला, दर वेळी रामराम घातला त्याने. मीही घातला.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो. तो अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. मला बघून घोंगडं टाकलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. चारशे ओळी, न बघितलेली काच, नंतर बघितलेली काच, धुतलेली काच.

त्याने एकच विचारलं, "वाचली असती?"

"बहुतेक वाचली असती" असं म्हणायची मी वाटेत तयारी केली होती. म्हटलं, "हो. वाचली असती."

तो खाली बसला. हातातल्या बिया सांडल्या त्या त्याने वेचल्यासुद्धा नाहीत. मग म्हणाला, "मी तिला भगताकडं नेलेली. दवाखान्यातून सांगितलेलं ना, रक्तात काय नाय म्हणून. मग भगताकडं नेली. तिचे भाव आजवर म्हणतात, शिवाने आमची बहीण भगतापायी मारली. एकवीस वर्षं त्या घराने मला दारात उभा केला नाय. लवूच्या लग्नाला मामाकडचं कोण आलं नाय."

मला हे माहीत नव्हतं, संचिता. माझ्या एका ओळीखाली हाही माणूस दबलेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होतो, माझ्या हातून एक मेलं.

तो उठला. "उद्या सकाळी सातची एसटी आहे. तिच्या माहेरी यायचं आणि हेच तिथं बोलायचं." विचारलं नाही त्याने, सांगितलं.

सकाळी मी थांब्यावर गेलो. तो धुतलेला सदरा घालून आला होता. पुढच्या सीटवर बसला, बाजूला पिशवी ठेवली, म्हणजे मी तिथे बसू नये. मी मागे बसलो. दीड तास त्याची मान बघत होतो.

सुगंधाचा थोरला भाऊ राघो आता सत्तरीचा आहे. शिवाला दारात बघून त्याचं तोंड वाकडं झालं. धाकटा आतून काठी घेऊन आला. शिवा पायरीखालीच थांबला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यांचं ऐका." मी सांगितलं. बायका दारामागे उभ्या होत्या. मध्येच राघो म्हणाला, "मोठ्याने बोला, तिला आत ऐकू जात नाय." आत त्याची बायको अंथरुणाला आहे. मी पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने सांगितलं.

माझं सांगून झालं. मग राघो भिंतीला धरून उठला, पायऱ्या उतरला, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि शिवाच्या गळ्यात पडला. दोघंही म्हातारे, रडताना आवाजसुद्धा नीट येत नव्हता. धाकट्याने काठी टाकली आणि शिवाची पिशवी घेऊन आत गेला. सुनेने शिवाच्या पायांवर पाणी घातलं. त्याला घरात नेलं.

मी अंगणात उभा होतो. मला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. कुणाला मी दिसतच नव्हतो. थोड्या वेळाने एक लहान मुलगी बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि दार आतून लावून घेतलं.

मनूला सांगितलंस ते योग्य केलंस.

तुला धाकूच्या घरी अजून जावं लागेल, त्याची बायको बोलली नाही तरी. मी इथून वरच्या वाडीत जाणार आहे. शिवाच्या घराचं कुंपण पावसात पडलंय, तो राघोकडे आहे तोवर बांधून टाकतो. त्याला नको असेल तर तो आल्यावर उपटून टाकेल.

आत्माराम